सही घेतली, ट्रेनिंग झालं

दर वर्षी ४ मार्चला तारापूर एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गेटवर बॅनर लागतात. छातीला बिल्ले लावले जातात, शपथ वाचली जाते, पोस्टर स्पर्धेचं बक्षीस कुणाच्या तरी मुलीला मिळतं, चहा-समोसा होतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली याच तारखेला स्थापन झाली, म्हणून हा दिवस आणि त्यापुढचा आठवडा 'सुरक्षा सप्ताह'. २०१८ साली या सप्ताहाच्या पाचव्या दिवशी, ८ मार्चच्या रात्री अकरा वाजून गेल्यावर, तारापूरच्या नोव्हाफिन स्पेशालिटीज या कंपनीत स्फोट झाला. तीन कामगार गेले, डझनभर जखमी झाले, आग शेजारच्या युनिटांत पसरली. सप्ताह संपायला अजून दोन दिवस होते.

त्यानंतरचा हिशोब थोडक्यात सांगतो, कारण बोईसरकरांना तो पाठ आहे आणि बाकीच्यांना तो कधी सांगितलाच गेला नाही. ११ जानेवारी २०२०, कोलवडे गावाजवळचा कारखाना, शनिवारची संध्याकाळ: आठ मृत्यू. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एका रासायनिक कंपनीत स्फोट. २६ ऑक्टोबर २०२२, दिवाळीचे दिवस, भगेरिया इंडस्ट्रीज: तीन. २१ ऑगस्ट २०२५, भरदुपारी, मेडली फार्मास्युटिकल्स: चार. मधल्या काळात एकेकटे गेले त्यांची बातमी जिल्हा पानाच्या खाली एका चौकटीत येते. आपण ती स्क्रोल करून पुढं जातो.

प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी एक वाक्य ठरलेलं असतं: कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं पाहिजे. पालकमंत्री तेच म्हणतात, आमदार तेच, कारखानदार तेच, युनियनवालेही तेच. एखाद्या गोष्टीवर मालक आणि मजूर दोघांचं एकमत झालं की मला शंका येते. कुणाला तरी ती गोष्ट फार स्वस्तात पडत असली पाहिजे.

आणि पडतेच. माझं म्हणणं सरळ आहे. आज ज्याला तारापुरात 'सेफ्टी ट्रेनिंग' म्हणतात, त्यातलं बहुतेक ट्रेनिंग कामगाराचा जीव वाचवण्यासाठी नसून अपघातानंतर मालकाची मान वाचवण्यासाठी आहे. पुरावा हवा असेल तर ट्रेनिंगमधून मागे काय उरतं ते बघा. कामगाराच्या डोक्यात काय उरलं हे कुणी तपासत नाही. रजिस्टरमध्ये सही उरते. तारीख, विषय, नाव, सही. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. माणूस मेला की ते रजिस्टर कपाटातून बाहेर येतं आणि साहेबांच्या टेबलावर उघडलं जातं: बघा, याला सगळं शिकवलं होतं, यानंच ऐकलं नाही.

शिकवलं होतं म्हणजे काय शिकवलं होतं, हे एका उदाहरणावर घासून बघू. उदाहरण नायट्रोजनचं घेतो. मेडलीमध्ये चार माणसं गेली तेव्हा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षानं नायट्रोजनची गळती असं सांगितलं. दोष कुणाचा ते चौकशीनं ठरवावं. मला त्या वायूबद्दल बोलायचंय, कारण तो बोईसरच्या जवळपास प्रत्येक औषध कंपनीत असतो.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यामुळे "नायट्रोजन आहे" म्हटल्यावर कुणी घाबरत नाही. क्लोरीन म्हटलं की पळतात, अमोनिया म्हटलं की डोळे चोळतात. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. कंपनीत तो येतो तोच मुळी सुरक्षेसाठी. टोल्युइन, मिथेनॉल, ॲसिटोन यांसारख्या सॉल्व्हंटची वाफ पेटायला ऑक्सिजन लागतो, म्हणून रिॲक्टरमध्ये नायट्रोजन भरून ऑक्सिजन हाकलून द्यायचा. म्हणजे स्फोट टाळणारी वस्तू तीच, आणि त्याच भांड्यात माणूस डोकावला तर त्याला मारणारीही तीच.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. गुदमरल्यासारखं आपल्याला कधी वाटतं? शरीरात कार्बन डायऑक्साइड साठला की. ऑक्सिजन कमी झाला म्हणून तसं वाटत नाही. शुद्ध नायट्रोजनमध्ये तुम्ही श्वास घेत असता, सोडत असता, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, त्यामुळे शरीर धोक्याची घंटा वाजवतच नाही. एक-दोन श्वासांत माणूस खाली कोसळतो. ओरडायला, पळायला वेळ मिळत नाही. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात. दहाच्या खाली माणूस शुद्धीवर राहत नाही.

हे ज्याला माहीत नाही तो काय करेल? मॅनहोलमधून आत डोकावलेला जोडीदार पडलेला दिसला की तो त्याला काढायला आत उतरेल. मग तिसरा उतरेल. यात निष्काळजीपणा कुठाय? उलट ही माणुसकी आहे. पण अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेनं, नायॉशनं, १९८६ साली बंदिस्त जागांतल्या मृत्यूंचा अभ्यास करून सांगितलं होतं की मरणाऱ्यांत साठ टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. जानेवारी २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या गेन्सव्हिल गावात, कोंबडीचं मांस गोठवणाऱ्या कारखान्यात द्रवरूप नायट्रोजन गळला आणि सहा जण गेले. तिथंही माणसं एकामागून एक आत गेली. म्हणजे हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, पण म्हणून आपल्याकडे ते माफ होत नाही.

आणखी एक गोष्ट. तोंडाला डबी लावलेला मास्क, ज्याला आपल्याकडे सरसकट 'गॅस मास्क' म्हणतात, तो हवा गाळतो. हवा तयार करत नाही. जिथं ऑक्सिजनच नाही तिथं तो मास्क लावलेला माणूस मास्कसकट मरतो. तिथं पाठीवर हवेचा सिलिंडर लागतो, किंवा बाहेरून नळीनं आणलेली हवा. "पीपीई वापरा" असं लिहिलेल्या पोस्टरवर हा फरक नसतो. पोस्टरवर हसरा माणूस पिवळं हेल्मेट घालून उभा असतो.

तुमच्या ओळखीत कुणी बोईसरला कंपनीत कामाला असेल तर त्याला एवढंच विचारा: नायट्रोजनमध्ये डबीवाला मास्क चालतो का? जोडीदार टाकीत पडला तर पहिलं काय करायचं? उत्तरं ऐका. मग त्याला विचारा, ट्रेनिंग झालं होतं का. "झालं की, सही केली ना."

कायद्याला हे माहीत नव्हतं असं नाही. कारखाने अधिनियम १९४८, कलम ३६. अशा टाकीत, खड्ड्यात, भांड्यात माणसाला उतरवायचंच नाही, जोपर्यंत आतला वायू काढून टाकला जात नाही; आणि उतरवायचा तर एक तर जाणकार व्यक्तीनं स्वतः तपासून लेखी दाखला द्यायचा, नाही तर त्या माणसाला श्वसनयंत्र आणि पट्टा, पट्ट्याला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात असावं इथपर्यंत कायद्यानं लिहून ठेवलंय. इतकं साधं, इतकं हाताला लागणारं ट्रेनिंग सरकारी कागदात पडून आहे, आणि आपण कामगारांना 'सुरक्षा ही आपली जबाबदारी' या विषयावर निबंध लिहायला लावतो.

आता हे शिकायचं कुणी? रिॲक्टरवर उभा असतो तो बहुतेकदा कंपनीचा माणूस नसतोच. तो ठेकेदाराचा. जव्हार-विक्रमगडहून पहाटेच्या एसटीनं आलेला, किंवा उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून येऊन खोलीत आठ जणांबरोबर राहणारा. घरी वारली बोलणारा, भोजपुरी बोलणारा, ओडिया बोलणारा. त्याच्यापुढे जी सेफ्टी डेटा शीट असते ती इंग्रजीत. ट्रेनिंग देणारा साहेब इंग्रजी स्लाइड हिंदीत वाचून दाखवतो. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये १९८४ साली नेमकी हीच तक्रार होती: मॅन्युअल इंग्रजीत, आणि ऑपरेटरच्या प्रशिक्षणाचे महिने कापून दिवसांवर आणलेले. त्यानंतर चाळीस वर्षं गेली, स्लाइड मात्र अजून इंग्रजीत आहे.

'हेल्पर' हा शब्दही नीट बघा. कागदावर तो गोण्या उचलायला आहे. दोन-तीन आठवड्यांत रात्रपाळीला माणूस कमी पडला की तोच व्हॉल्व्ह फिरवायला लागतो, तोच ड्रममधून सॉल्व्हंट रिॲक्टरमध्ये ओततो. पगार हेल्परचा, काम ऑपरेटरचं, ट्रेनिंग गेटपासचं. सहा-सात महिन्यांनी ठेकेदार बदलतो, माणसं बदलतात, आणि जे काही थोडं शिकून झालं होतं तेही त्यांच्याबरोबर दुसऱ्या प्लॉटवर जातं.

बोईसरपासून काही किलोमीटरवर समुद्राकाठी दुसरेही रिॲक्टर आहेत. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. तिथं नियंत्रण कक्षात बसणाऱ्या माणसाला परवाना लागतो, तो लेखी आणि तोंडी परीक्षा देतो, आणि परवाना ठरावीक मुदतीनं नव्यानं मिळवावा लागतो. आसपासच्या गावांत आपत्कालीन सराव होतात. अणुऊर्जेवर तुमचं मत काहीही असो, यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला आधी शिकवायचं, मग तपासायचं, मगच हात लावू द्यायचा, हे याच तालुक्यात, याच देशाच्या सरकारला जमतं. मग 'आपल्याकडे शक्य नाही' हे वाक्य एमआयडीसीच्या कमानीतून आत शिरल्यावरच कसं खरं होतं? रिॲक्टर हाच शब्द दोन्हीकडे आहे. एकीकडे परवाना, दुसरीकडे अंगठा.

याला कारखानदारांची दोन उत्तरं असतात. दोन्ही मनापासून दिली जातात, म्हणून ती टाळून पुढं जायला नको.

पहिलं: कामगारच ऐकत नाहीत. हेल्मेट काढतात, गॉगल लावत नाहीत. खरंय, काढतात. मे महिन्यात, दमट हवेत, पत्र्याच्या शेडखाली, बाजूला बॉयलर असताना बारा तासांच्या पाळीत रबरी सूट घालून उभं राहून बघा. आणि बॅच वेळेत निघाली नाही तर बोलणी कुणाला बसतात? ज्या सुपरवायझरनं सकाळी दहा मिनिटं 'टूलबॉक्स टॉक' दिला, तोच दुपारी "लवकर आवर रे, टँकर उभाय" म्हणतो. कामगार मूर्ख नसतो. या दोन वाक्यांपैकी कुठल्या वाक्यावर त्याची उद्याची हजेरी अवलंबून आहे, हे त्याला अचूक कळतं. ते खरं ट्रेनिंग. ते रोज होतं आणि त्याला सही लागत नाही.

दुसरं: आमचं युनिट छोटं आहे, परवडत नाही. खिशाला लावायचा ऑक्सिजन मीटर साधारण एका बऱ्या मोबाइलच्या किमतीत येतो. हा लेख तुम्ही ज्यावर वाचताय त्याच्या किमतीत. पट्टा, दोरी, तिपाई, हवेचा एक सिलिंडर यांना त्याहून जास्त लागतील, पण ज्याच्या आवारात लाखोंचं सॉल्व्हंट ड्रममध्ये उभं आहे त्यानं हे परवडत नाही म्हणू नये. आणि खरंच परवडत नसेल तर तो धंदा त्या माणसाच्या छातीवर उभा आहे, असंच म्हणावं लागेल. सगळे असे नाहीत, हेही लिहितो. निर्यात करणाऱ्या काही मोठ्या कंपन्यांत परदेशी गिऱ्हाईक तपासायला येतो म्हणून का होईना, सराव होतात, परमिटशिवाय टाकीचं झाकण उघडत नाही. म्हणजे बोईसरच्या मातीत दोष नाही.

सरकारचं काय? भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगाराला देणं मालकाला बंधनकारक झालं. कलम १११-ए आलं: आरोग्य-सुरक्षेची माहिती मागण्याचा, प्रशिक्षण मिळण्याचा आणि थेट निरीक्षकाकडे म्हणणं मांडण्याचा कामगाराचा हक्क. हक्क, हा शब्द लक्षात घ्या. ट्रेनिंग ही मालकाची मेहेरबानी नव्हती. पण गेटमधून आत जाणाऱ्या माणसाला हे कलम कुणी वाचून दाखवलं? ट्रेनिंगच्या रजिस्टरमध्ये 'विषय' या रकान्यात 'तुझे हक्क' असं कधी लिहिलेलं असतं का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता लागू झाली. तिच्यात काही बरं आहे. पूर्वी मृत्यूच्या प्रकरणात किमान दंड होता २५ हजार. आता किमान ५ लाख, आणि त्यातला निम्मा तरी वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं. पण त्याच संहितेत वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणायची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर गेली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणं सक्तीचं आहे ते अडीचशे कामगार असतील तर. तारापूरचे प्लॉट डोळ्यांपुढे आणा. किती प्लॉटवर कागदोपत्री अडीचशे माणसं भरतील? स्फोट माणसं मोजून होत नाही. वीस माणसांच्या शेडमधला रिॲक्टर फुटला तर तो शेजारच्या गावाच्या काचाही फोडतो. आणि निरीक्षकाच्या नावापुढे आता 'सुविधाकर्ता' जोडलंय. सुविधा कुणाची, ते विचारू नका.

जुना कायदा असो की नवी संहिता, एक गोष्ट दोन्हीत सारखी आहे. धोका दिसला तर कामगारानं तो कळवावा, असं दोन्ही म्हणतात. काम थांबवावं आणि त्याबद्दल कुणी त्याला हात लावू नये, असं स्वच्छ शब्दांत कुठंच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९८१ सालच्या १५५ क्रमांकाच्या करारात ते लिहिलंय: जिवाला धोका आहे असं वाटून जो कामावरून बाजूला झाला त्याला त्याची शिक्षा होऊ नये. माझ्या मते सगळ्या ट्रेनिंगचा पाया हाच आहे. नायट्रोजनचं सगळं विज्ञान समजलेला हेल्परसुद्धा, "उतर आत" म्हटल्यावर "नाही उतरत" म्हणू शकत नसेल, तर त्याला शिकवून आपण फक्त एवढंच केलं की मरताना त्याला कारण माहीत असेल. ज्याची हजेरी रोज सकाळी ठेकेदाराच्या मर्जीवर लागते त्याला 'नाही' म्हणायला शिकवणं हे सेफ्टी ऑफिसरचं काम नाही. ते पगाराच्या, कायम नोकरीच्या आणि युनियनच्या प्रश्नाचं काम आहे. म्हणूनच ट्रेनिंगच्या गप्पा सगळ्यांना आवडतात आणि ठेकेदारीच्या गप्पा कुणालाच नाही.

शिकवायला साहित्य नाही अशी तक्रार तर करूच नका. अमेरिकेत केमिकल सेफ्टी बोर्ड नावाची सरकारी संस्था आहे. ती दंड करत नाही, खटला भरत नाही. अपघात कसा झाला हे शोधते, अहवाल जाहीर करते आणि त्याची ॲनिमेशन फिल्म यूट्यूबवर टाकते. कुठला व्हॉल्व्ह, कितवं मिनिट, कोण कुठं उभं होतं, सगळं. तुमच्यातल्या काहींनी रात्री दोन वाजता त्या फिल्म बघितल्याही असतील. आपल्याकडे चौकशी फाइलीत जाते, आणि शेजारच्या प्लॉटवरच्या कामगारापर्यंत पोचतो तो व्हॉट्सॲपवरचा धुराचा व्हिडिओ. नोव्हाफिनच्या त्या रात्री काय चुकलं, कोलवड्याला काय चुकलं, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयानं मराठीत, हिंदीत, वारलीत, पंधरा-पंधरा मिनिटांत सांगितलं असतं तर त्याहून चांगला धडा कुठला होता? आपल्या माणसांच्या मरणातून निघालेलं ज्ञान आपल्याच माणसांना मिळत नाही, हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा आहे. त्याला कुठलंही कलम लागत नाही.

मग करायचं काय, असं कुणी विचारलं तर मी आधी ते रजिस्टर बंद करायला सांगेन. कामगाराची सही घेणं थांबवा. सुरक्षा सप्ताहात पाहुण्यांचं भाषण झाल्यावर नको, तर एखाद्या मंगळवारी रात्री तीन वाजता, न सांगता, सगळ्यात नव्या हेल्परला म्हणा की टाकीत माणूस पडलाय असं समज, काय करतोस दाखव. घड्याळ लावा. तो धावत आत शिरायला निघाला तर नापास तो नाही, त्याला शिकवणारा आहे. या सरावाच्या वेळेचा पगार द्या, ओव्हरटाइमच्या दरानं. ठेकेदारानं आणलेला 'ट्रेनिंग झालेलं आहे'चा कागद गेटवरच परत करा, कारण रिॲक्टर ठेकेदाराचा नाही.

आणि सही हवीच असेल तर ती मालकाची घ्या. 'या माणसाला या टाकीत काय आहे हे मी त्याच्या भाषेत सांगितलं आहे, त्यानं मला करून दाखवलं आहे, आणि त्यानं उतरायला नकार दिला तर मी त्याची हजेरी कापणार नाही.' खाली नाव, पद, तारीख. एक प्रत कामगाराच्या हातात, कागदाची, कारण मोबाइल त्याला गेटवर जमा करावा लागतो.